पाचव्या धावपटूचा नंबर

तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धेतली तीन हजार मीटरची शर्यत शेवटपर्यंत पाहायला फारसे कोणी थांबत नाही. चारशे मीटरचा ट्रॅक असेल तर साडेसात फेऱ्या, शाळेच्या मैदानावर फक्कीने दोनशे मीटरचा आखून घेतलेला असेल तर पंधरा. दोन-तीन फेऱ्यांत घोळका फुटतो, तिघे-चौघे सुटून पुढे जातात आणि मागे मुलांची लांबच लांब माळ उरते. पहिले तिघे रेषा ओलांडतात, पंच त्यांची नावे, शाळा आणि वेळ कागदावर उतरवतात आणि लक्ष पुढच्या स्पर्धेकडे वळते. मागची मुले तेव्हा अजून पळत असतात. त्यांतला अकरावा कोण आणि एकोणिसावा कोण, याची नोंद कशाला हवी, असाच सगळ्यांचा समज असतो. त्या मुलांनी दोन महिने पहाटे उठून सराव केलेला असतो, पण त्यांच्या धावण्याचा शाळेच्या खात्यावर काहीच हिशेब लागत नाही. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला आणि तिथून राज्याला जाताना गाळणी बारीक होत जाते. हंगाम सरत आला की पळणारी मुले तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहतात. बाकीच्यांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, पहिल्या शर्यतीबरोबर संपलेला असतो.

माझे म्हणणे सरळ आहे. शाळांमधले लांब पल्ल्याचे धावणे संघाच्या हिशेबाने मोजले पाहिजे, त्याच्या शर्यती हंगामभर घेतल्या पाहिजेत आणि हंगामाच्या शेवटी कोणती शाळा कितव्या स्थानी आहे, याचा तक्ता जाहीर झाला पाहिजे. क्रॉसकंट्रीत ही पद्धत जगभर रुळलेली आहे आणि तिला पाढ्यांपलीकडचे गणित लागत नाही. प्रत्येक शाळेचे पाच ते सात धावपटू एकाच शर्यतीत उतरतात. पहिला आला त्याचा एक गुण, दुसऱ्याचे दोन, चाळिसाव्याचे चाळीस. शाळेच्या पहिल्या पाच जणांचे नंबर मिळवायचे, ज्या शाळेची बेरीज सर्वांत कमी ती पहिली. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेतही संघांची विजेतेपदे ठरतात, म्हणजे ही कल्पना देशाला नवी नाही. ती शाळेच्या मैदानापर्यंत मात्र पोचली नाही. आपल्या मैदानी स्पर्धांत मुलांनी मिळून धावायची जागा एकच, ती म्हणजे रिले. तीही वेगाची शर्यत. दमाच्या शर्यतीत मूल एकटेच उतरते आणि एकटेच परत येते.

बेरजेने काय फरक पडतो, तो आकड्यांतच पाहू. एका शाळेकडे तीन उत्तम मुले आहेत. ती पहिली, दुसरी आणि पाचवी आली, पण चौथ्या आणि पाचव्या मुलाकडे कोणी लक्ष दिले नव्हते, ती चौतिसावी आणि एकेचाळिसावी आली. बेरीज झाली 83. दुसऱ्या शाळेचा एकही मुलगा पहिल्या सहांत नाही. तिचे नंबर सात, नऊ, बारा, तेरा, सोळा. बेरीज 57. पदकांच्या हिशेबात पहिली शाळा दोन पदके घेऊन घरी जाते आणि दुसरी रिकाम्या हाताने. संघाच्या हिशेबात दुसरी शाळा मोठ्या फरकाने जिंकते. यातून क्रीडाशिक्षकाचे लक्ष कुठे जाईल, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या आलेल्या मुलाचा गुण एकच, त्यात कमी होण्यासारखे काही उरलेले नसते. एकेचाळिसावा मुलगा तिसावा आला तर शाळेचे अकरा गुण वाचतात. म्हणजे ज्या मुलाकडे आज कोणी ढुंकून पाहत नाही, त्याच्यावर घेतलेली मेहनतच शाळेला सर्वांत जास्त मिळवून देते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याने दोघांना मागे टाकले, तर त्यासाठी ओरडायला शाळेतली बाकीची मुले दोरीपाशी उभी असतील. शाळांत 'सर्वसाधारण विजेतेपद' असतेच की, असे यावर कोणी म्हणेल. पण त्या पद्धतीतही गुण पहिल्या काही क्रमांकांनाच मिळतात. एखादी वेगवान मुलगी शंभर, दोनशे आणि लांब उडी जिंकून शाळेला ढाल मिळवून देऊ शकते. त्या शाळेत आणखी किती मुली पळतात, हे ढालीवरून कळत नाही.

लांब पल्ल्याच्या धावण्यात ज्यांनी नाव कमावले, त्यांनी हा मागचा माणूस मोजला आहे. 1924च्या पॅरिस ऑलिम्पिकची क्रॉसकंट्री पावो नुर्मीच्या नावाने ओळखली जाते. कडक उन्हात 38 जण धावायला निघाले आणि 15 जणच शर्यत पूर्ण करू शकले. नुर्मी पहिला, त्याचाच देशबांधव विले रितोला दुसरा. पण संघाच्या सुवर्णासाठी फिनलंडला तिसरा माणूस हवा होता. तो हेइक्की लीमाताइनेन उन्हाने इतका बधिर झाला होता, की अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबला आणि उलटा वळला. मग भान आल्यावर कसाबसा रेषेपर्यंत आला. त्याचा नंबर बारावा. तो आला नसता तर नुर्मीला संघाचे सुवर्ण मिळाले नसते. केनियाने जागतिक क्रॉसकंट्रीत पुरुषांचे सांघिक विजेतेपद 1986 ते 2003 अशी सलग अठरा वर्षे आपल्याकडे राखले. एका माणसाच्या बळावर अठरा वर्षे निघत नाहीत. त्या देशात इटेन नावाच्या डोंगरावरच्या गावी सेंट पॅट्रिक्स हायस्कूल आहे. तिथे 1976मध्ये आलेले कॉल्म ओ'कॉनेल हे आयरिश धर्मबंधू मुलांना घेऊन पळू लागले आणि त्या परिसरातून पुढे ऑलिम्पिक विजेते निघाले. जपानमध्ये तर शाळांचे अख्खे वर्ष एकिडेन या सांघिक शर्यतीभोवती फिरते. दर डिसेंबरात क्योतो शहरात देशभरातल्या हायस्कूलांची स्पर्धा होते. मुलांचे सात जण मिळून मॅरेथॉनचे अंतर पुरे करतात, मुलींच्या पाच जणी अर्ध्या मॅरेथॉनचे. हातात बॅटन नसते, खांद्यावरून आडवा घेतलेला कापडी पट्टा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. आपण उशिरा पोचलो तर पुढचा खोळंबेल, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पावलोपावली जाणवत असते.

आता आपल्या राज्याकडे पाहू. लांब पल्ल्यात महाराष्ट्राने दिलेली नावे मोठी आहेत आणि त्यांतली बरीच आडगावची आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत रौप्य मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचायला भारतीय महिलेला बत्तीस वर्षे लागली होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे 2022मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, 2023मध्ये हांगझूला आशियाई सुवर्ण आणि 2024मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी असा चढत गेला. साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि पळत जात असे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो खरा धावपटू म्हणून पुढे आला तो बारावीनंतर लष्करात गेल्यावर. 2015च्या सुमारास सैन्याच्या अंतर्गत क्रॉसकंट्री शर्यतींत उतरल्यावर त्याच्यातला दम प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. तेव्हा तो विशीत पोचला होता. लष्करात तुकड्या एकमेकींशी क्रॉसकंट्रीत झुंजतात, म्हणून प्रत्येक तुकडीला चांगले पळणारे जवान शोधावे लागतात. तीच गरज शाळांना वाटली असती, तर असा मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षीच कोणाच्या तरी नजरेला पडला असता. कविता, ललिता आणि अविनाश ही व्यवस्थेची फळे आहेत, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. ती आपल्या हिमतीवर गाळणीतून खाली आली. जी वर अडकली, त्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात तर अशा सांघिक क्रॉसकंट्रीला लागणारे सगळे हाताशी आहे. उर्से हे नाव बाहेरच्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे ठाऊक असते. गावाला मात्र हा रस्ता वेगळा दिसतो. 2002पासून पूर्ण क्षमतेने वाहणाऱ्या या मार्गावर पायी माणसाला मज्जाव आहे. आसपासच्या रस्त्यांवर कारखान्यांकडे जाणारे कंटेनर असतात. पळणाऱ्या मुलाला सिंथेटिक ट्रॅक हवा तर तो बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, आणि रोज संध्याकाळी तिथे जाऊन येणे उर्से-परंदवडीच्या मुलाला परवडणारे नाही. पण क्रॉसकंट्रीला ट्रॅक लागतच नाही. दिवाळीच्या आगेमागे भात कापून झाला, की पवनेच्या काठापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत खाचरे मोकळी होतात. बांध, पायवाट, ओढ्याचा उतार, माळावरचा चढ, पुन्हा बांध, असा दोन-तीन किलोमीटरचा फेरा मालकांना विचारून दोऱ्या आणि झेंड्या लावून आखता येतो. धसकटे टोचतात म्हणून मार्ग बांधावरून आणि पायवाटांवरून न्यायचा, एवढी काळजी पुरे. परदेशात यासाठी गोल्फची मैदाने भाड्याने घेतात. आपल्याकडे ते काम कापलेले शेत करते. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी हवेत गारवा असतो, लोणावळ्याकडचा धो-धो पाऊस सरलेला असतो. पॅरिसच्या उन्हाने 1924मध्ये जे केले, त्याची भीती मावळातल्या डिसेंबरच्या सकाळी सात वाजता बाळगायचे कारण नाही.

निकाल लावण्याचे कामही कोणत्याही शाळेच्या आवाक्यातले आहे. रेषेच्या पुढे दोन बांबूंच्या रांगांना दोरी बांधून नरसाळ्यासारखी निमुळती वाट करायची. आत शिरलेल्या मुलाने पुढच्याला ओलांडायचे नाही. वाटेच्या टोकाशी एक शिक्षक लाकडी पट्ट्यांची जुडी घेऊन उभा. पट्टीवर नंबर लिहिलेला, येईल त्याच्या हातात क्रमाने एकेक पट्टी द्यायची. शाळेच्या पाचही मुलांनी आपल्या पट्ट्या नेऊन आपल्या शिक्षकाकडे द्यायच्या, त्याने बेरीज करून पाकिटावर लिहायची आणि पाकीट टेबलावर ठेवायचे. दहा मिनिटांत निकाल तयार. टायमिंगची चिप नको, फोटो फिनिश नको. पाच पट्ट्या जमल्याशिवाय पाकीट बंद होत नाही, त्यामुळे शाळेतले प्रत्येक मूल नरसाळ्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसते: आपला पाचवा आला का?

आता आक्षेप. पहिला आक्षेप मोठ्या आणि लहान शाळांचा. तळेगाव, लोणावळा, वडगावच्या शाळांची पटसंख्या मोठी, त्यांच्याकडे पाच काय, पन्नास मुले उभी राहतील. पवन मावळातल्या किंवा आंदर मावळातल्या छोट्या शाळेने कोणाला उभे करायचे? हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. यावर दोन उपाय आहेत. पटसंख्येप्रमाणे दोन गट करावेत आणि दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवावेत. आणि ज्या शाळेत पाच पळणारे जमत नाहीत, तिने शेजारच्या शाळेबरोबर एक संघ करावा. शिक्षण खात्याच्या केंद्रांची रचना आहेच, तिचा इथे उपयोग होईल. शिवाय दमाच्या शर्यतीत छोट्या गावाची मुले कमी पडतात, असा काही नियम नाही. उलट, शाळेला पायी जाणारी, गुरांमागे डोंगर चढणारी मुले तिथेच आहेत. दुसरा आक्षेप शिक्षकांचा. कित्येक शाळांत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नाही आणि असलेल्याच्या माथ्यावर इतर कामे आहेत. म्हणून तर हा प्रकार हवा. भालाफेक किंवा अडथळ्यांची शर्यत शिकवायला जाणकार लागतो. पाच मुलांना घेऊन आठवड्यातून चार दिवस अर्धा तास सावकाश पळायचे, एक दिवस चढावर पळायचे आणि उरलेले दिवस विश्रांती, हे गणिताच्या बाईंनाही थोड्या मार्गदर्शनाने जमेल. आणि पाच जण असले की ते एकमेकांना उठवतात. एकट्या मुलाचा सराव पहिल्या थंडीत मोडतो.

तिसरा आक्षेप पालकांच्या मनात असतो आणि तो गुणांचा असतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. ते वरच्या स्तरापर्यंत पोचल्यावर. कबड्डीचा संघ पुढे गेला की राखीव मुलांचाही त्यात फायदा होतो. तीन हजार मीटरमध्ये चौथ्या आलेल्या मुलाला काही नाही. घराघरांतून हा हिशेब मांडला जातो आणि तो चुकीचा आहे, असे पालकांना सांगायची माझी तयारी नाही. म्हणूनच क्रॉसकंट्रीचा संघ हा संघ म्हणून पुढच्या फेरीला गेला पाहिजे आणि कबड्डी-खोखोच्या संघाला लागू असलेला न्याय त्याला लागू झाला पाहिजे. हे काम क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचे आहे, तालुक्याच्या हातात नाही. ते होईपर्यंत थांबायचे कारण नाही, कारण पालकांच्या दुसऱ्या हिशेबात पळणे आधीपासून आहे. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे 50 गुण आहेत. त्यांतले 20 एकट्या दमाच्या धावेचे: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. भरतीची जाहिरात निघाली, की गावोगावच्या रस्त्यांवर अंधारात मोबाइलचे घड्याळ लावून पळणारी मुले दिसू लागतात. कोणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कोणाची नडगी पंधरवड्यात दुखायला लागलेली. वयाच्या बाराव्या वर्षापासून हळूहळू कमवायचा दम ती तीन महिन्यांत कमवायला बघतात. सोळाशे मीटर हे शाळकरी अंतर आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: तक्ता लावला की चढाओढ लागेल, शाळा मुलांना झेपेल त्याहून जास्त पळवतील, मागे पडणाऱ्याची सर्वांसमोर शोभा होईल आणि वयाचे खोटे दाखले येतील. वयाच्या दाखल्यांची लबाडी आजच्या पदकांच्या पद्धतीत आहेच, कारण तिथे एका मुलाच्या लबाडीने सगळे मिळते. पाच जणांच्या बेरजेत एक लबाडी फारतर थोडे गुण वाचवते. जास्त पळवण्याची भीती मात्र खरी आहे. चौदा वर्षांखालच्यांना दोन किलोमीटर, सतरा वर्षांखालच्यांना तीन-चार किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये आणि दोन शर्यतींत किमान तीन आठवडे ठेवावेत. शोभेबद्दल बोलायचे तर तक्त्यावर शाळांची नावे आणि बेरजा लागाव्यात, शेवटच्या मुलाचे नाव कुठेही लागू नये. चढाओढ मावळाला नवी नाही. इथल्या बैलगाडा शर्यतींत घाटावर जमलेली माणसे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब ठेवतात, आणि एकाच नंबरात बरेच गाडे बसू शकतात, हेही त्यांना पटलेले आहे. कबड्डीचा संघ बाहेरगावी जायचा असला, की गाव गाडीभाडे आणि जर्सीचे पैसे काढते, कारण संघाच्या छातीवर गावाचे नाव असते. पाच पळणाऱ्या मुलींच्या छातीवर तेच नाव आले, तर गावाचा हात आखडेल असे मला वाटत नाही.

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. आठवी-नववीपासून मैदानावरून मुली कमी होत जातात. एकटीने पहाटे रस्त्यावर पळायला घरून होकार मिळत नाही, आणि उर्से परिसरासारख्या ट्रकांच्या वर्दळीच्या भागात तो मिळणार तरी कसा? पाच-सात जणी मिळून, शाळेतल्या बाई सोबत असताना पळणार असतील तर तीच आई परवानगी देते. म्हणून मुलींचा तक्ता मुलांच्या तक्त्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि त्याच दिवशी लागला पाहिजे. दोन्हींसाठी शर्यती चार पुरेत: भातकापणीनंतर पहिली, मग पवन मावळात एक, इंद्रायणीच्या खोऱ्यात एक आणि शेवटची जानेवारीच्या उत्तरार्धात, दहावीचा अभ्यास डोक्यावर येण्याआधी. चारही शर्यतींच्या बेरजा मिळवायच्या आणि प्रत्येक शर्यतीनंतर तक्ता वडगावला पंचायत समितीत आणि प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लावायचा. समजा, तीन शर्यती होऊन गेल्या आहेत आणि पहिल्या दोन शाळांच्या मुलींत चार गुणांचे अंतर उरले आहे. चार गुण म्हणजे शेवटच्या चढावर चार जणींना मागे टाकणे. ते पहिल्या आलेल्या मुलीच्या हातात नाही, तिच्या पुढे कोणी नसतेच. ते शाळेच्या पाचव्या मुलीच्या हातात आहे. ती कदाचित आठवीत असेल आणि शेवटच्या शर्यतीला अजून तीन आठवडे असतील.